कामामुळे होणाऱ्या आजारांचा अभ्यास सर्वात आधी कोणी केला?

एकच नाव हवं असेल तर बर्नार्डिनो रामाझ्झिनी. हा इटलीतला वैद्य १६३३ साली कार्पी गावात जन्मला. कामगारांच्या रोगांवरचा त्याचा लॅटिन ग्रंथ १७०० साली मोदेना इथे छापला गेला.

खाणकामगारांच्या दम्याबद्दल त्याच्याआधीही लिहिलं गेलं होतं. खाणकामावर लिहिणाऱ्या जर्मन विद्वान ॲग्रिकोलाच्या १५५६ च्या ग्रंथात पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरातल्या खाणींजवळच्या अशा बायका भेटतात, ज्यांनी एकामागून एक सात नवरे केले. धुळीने फुफ्फुसं पोखरून ते सगळे गेले. तरी मी पहिला मान रामाझ्झिनीलाच देईन. कारण तो कामगाराशी बोलला.

मोदेनात त्याच्या घराचा मैलाखड्डा उपसला जात होता. आत उतरलेला माणूस जिवाच्या आकांताने हात चालवत होता. एवढी घाई कशाला, असं रामाझ्झिनीने विचारलं. चार तासांपेक्षा जास्त इथे राहिलं तर माणूस आंधळा होतो, असं त्याने सांगितलं. तो वर आल्यावर रामाझ्झिनीने त्याचे डोळे तपासले, तर ते लालभडक आणि अंधुक झालेले. यावर उपाय काय करता? घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं आणि कोमट पाण्याने डोळे धुवायचे. या लोकांच्या खिशातली नाणीसुद्धा काळी पडतात, हेही त्याने टिपलं. हे सगळं करणाऱ्या खड्ड्यातल्या वायूला आज आपण हायड्रोजन सल्फाइड म्हणतो. आपल्याकडे हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनही गटारांत माणसं उतरवली जातात आणि याच वायूने मरतात. त्या पानांकडे मी निव्वळ इतिहास म्हणून पाहू शकत नाही.

या अनुभवातूनच त्याने वैद्यांना बजावलं, की प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसने रोग्याला विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एक घाला: तुम्ही काम काय करता? कुंभार, सोनार, सुईणी, धोबिणी असे चाळीसच्या वर धंदे त्याने पाहिले. दिवसभर बसून लिहिणाऱ्या कारकुनांचा बधिर होणारा हातही त्याच्या नजरेतून सुटला नाही.

पुढचा मोठा टप्पा लंडनचा. धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाचा कर्करोग काजळीमुळे होतो, असं शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉटने १७७५ साली मांडलं. हे लोक कोवळ्या वयापासून धुराड्यांत चढवले जात. १७८८ च्या कायद्याने किमान वय आठ ठरवलं, पण तो फारसा पाळला गेला नाही. मुलांना धुराड्यात चढवणं खरोखर थांबलं ते १८७५ च्या कायद्यानंतर, म्हणजे पॉटच्या लिखाणानंतर शंभर वर्षांनी.