तुमच्या भागातल्या तरुण मंडळात पूर्वी गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हायचा का? तो कसा असायचा आणि बंद का पडला?

व्हायचा की. मी सांगलीचा, खणभागातला. नव्वदच्या दशकात आमच्या तरुण मंडळात पडेल ते काम करणाऱ्या पोरांपैकी एक. ऑर्केस्ट्राच्या रात्री माझ्याकडे फर्माइशीच्या चिठ्ठ्या असायच्या. स्टेजच्या कडेला, कोंगो म्हणजे हातानं वाजवायचा उंच ढोल, तो वाजवणाऱ्या कोंगोवाल्याच्या पायाशी बसायचं, गर्दीतनं आलेल्या चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि त्यातल्या वाचता येतील तेवढ्या निवेदकाच्या हातात द्यायच्या. त्यामुळं मला ऑर्केस्ट्रा समोरून कमी आणि बाजूनं जास्त आठवतो.

आधी तारीख धरण्याची भानगड. सांगलीत संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी सरकारी घाटावर जातो. त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर असतं, तेव्हा पाचवा दिवस कार्यक्रमाला बाद. शेवटचे दोन दिवस मिरवणुकीच्या तयारीत जातात, तेही बाद. उरलेल्या दिवसांतला शनिवार सगळ्यांनाच हवा. सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर, सगळीकडची मंडळं त्याच चार-दोन ऑर्केस्ट्रांच्या मागं. आषाढात जाऊन इसार दिला नाही तर मंगळवार पदरात पडायचा, आणि मग अध्यक्ष वर्षभर ऐकून घ्यायचे, "मंगळवारी कोण ऑर्केस्ट्रा ठेवतंय व्हय?"

स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. पाठीला पाठ लावायच्या, वर फळ्या, फळ्यांवर सतरंजी. गणपती येतो तेव्हा कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झालेला नसतो, उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या उभ्या असतात, त्यामुळं कुणाच्या ना कुणाच्या पाहुण्याकडून फुकट मिळायच्या. खाली चाकांना दगड लावायचे. एका वर्षी कोळीगीताला मागच्या रांगेतली पोरं स्टेजवर चढून नाचली तेव्हा एक ट्रॉली वीतभर पुढं सरकली आणि मधल्या फटीत ढोलकीवाल्याचं स्टूल अडकलं. त्यानं ठेका सोडला नाही. उभा राहून वाजवत राहिला.

आता वाजवणाऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण "जुने ऑर्केस्ट्रा" म्हटलं की लोक गायकांबद्दलच बोलतात. ही माणसं पोटापाण्याला दुसरंच काहीतरी करायची. एकजण एसटीच्या वर्कशॉपमध्ये, एकजण शाळामास्तर, सॅक्सोफोनवाला एरवी लग्नाच्या बँडमध्ये. अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे चाचा मिरजेचे, सतारमेकर गल्लीतले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मिरजेत दीडशे वर्षांहून जास्त काळ सतार आणि तानपुरे बनतात, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या गल्लीत वाढलेल्या माणसाचा कान काय असेल ते ओळखा.

चाचा आले की चहाच्या आधी कीबोर्डवाल्या पोराला म्हणायचे, "सा दे." त्यानं पट्टी दाबली की हे अ‍ॅकॉर्डियनवर तोच सूर धरायचे आणि डोळे मिटून बोटानं खूण करायचे, वर, अजून वर, बास. अ‍ॅकॉर्डियनच्या पत्त्या आत खिळलेल्या, ऐनवेळी त्यांना सुरात आणता येत नाही. कीबोर्डला मात्र सूर वर-खाली करायची सोय असते. म्हणून नव्यानं जुन्याकडं यायचं. तो पोरगा पहिल्या वर्षी कुरकुरला होता, नंतर स्वतःच "चाचा, सा घ्या" म्हणायला लागला.

भाद्रपदातली हवा दमट. कोंगोची कातडी सैल पडायची आणि थाप बद्द यायची. मांडवात उजेडासाठी पाचशे वॅटचे हॅलोजन लावलेले असत. कोंगोवाला दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात कोंगो उचलून हॅलोजनपुढं धरायचा, बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघायचा, टणक आवाज आला की परत जागेवर. हॅलोजनवर भाजलेले किडे त्या कातड्यावर पडायचे, ते फुंकर मारून उडवायचा. निवेदकाचे विनोद लांबले की आम्हाला कळायचं, कोंगो अजून तापला नाही. ऑक्टोपॅड, म्हणजे विजेवर चालणारं तालवाद्य, आल्यावर हे बंद झालं. ऑक्टोपॅडला ऊन-पाऊस काही नाही, आठ पॅड, काठीनं बडवा. पण तबल्याच्या आवाजाचा पॅड आणि तबला यात फरक असतो आणि तो पहिल्या रांगेतल्या आज्ज्यांनाही कळायचा. "तबलजी आलं न्हाई व्हय?" असं एकीनं मला विचारलेलं आहे.

आवाजाची व्यवस्था म्हणजे अहुजाचे अ‍ॅम्प्लिफायर, दोन्ही बाजूला कॉलम, आणि पार चौकाच्या टोकाला दोन कर्णे. शिवाय इको, म्हणजे आवाज घुमवणारं यंत्र. इकोवर सगळ्यांचा फार जीव. गायकापेक्षा इकोलाच जास्त टाळ्या पडायच्या असं माझं मत आहे. "व्हॉइस ऑफ किशोर" म्हणून पोस्टरवर छापलेले एक गृहस्थ होते. एकदा ऐन त्यांच्या गाण्यात लाईट गेली. कॉलम मुके झाले, इको गेला, आणि त्यांचा खरा आवाज पहिल्यांदा गल्लीला ऐकू आला, तर तो अगदीच किरकोळ. लोक हसायला लागले. चाचांनी अ‍ॅकॉर्डियनचा भाता जोरात ओढला, ढोलकी मिळाली, आणि कोरसमध्ये मागं उभी राहणारी एक बाई, जिला रात्रभर एकही स्वतंत्र गाणं दिलेलं नव्हतं, पुढं येऊन गवळण म्हणायला लागली. माईक नाही, काही नाही. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आली. लाईट आल्यावर लोकांनी माझ्याकडं चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या दिल्या, "मघाच्या ताईंचं गाणं". निवेदकानं त्या पोस्टरवाल्या गृहस्थांच्या भीतीनं दोनच वाचल्या.

कार्यक्रमाचा क्रम ठरलेला. गणेशवंदना, मग एक-दोन अभंग, मग भावगीतं, ती म्हाताऱ्या मंडळींसाठी. त्यानंतर रफी, किशोर, लता, आशा. आशाताईंचा जन्म सांगलीतला, 8 सप्टेंबर 1933 चा, त्यामुळं ज्या वर्षी ही तारीख गणपतीत यायची त्या वर्षी निवेदक हमखास "आपल्या सांगलीच्या लेकीला" असं म्हणून टाळ्या वसूल करायचा. (सांगलीकराला आणखी एक सांगितल्याशिवाय चैन पडत नाही: 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथंच केलं. सांगून टाकलं.) अकराच्या पुढं लहान पोरं पेंगायची, बायका त्यांना उचलून घरी न्यायच्या, आणि निवेदकाची त्यावर बरोबर नजर असायची. बायकांची बाजू निम्मी रिकामी झाली की लावणी आणि कोळीगीतं. तोवर वडीलधाऱ्यांनी खुर्च्या सोडलेल्या नसतील तर कोरसवाल्यांना आणखी दोन भक्तिगीतं म्हणून वेळ काढावा लागे. साडेबारा-एकला भैरवी. मग कलाकारांना भडंग आणि चहा. सांगलीत कलाकाराला भडंग दिलं नाही तर मंडळाची बेअब्रू.

चिठ्ठ्यांवर पैसे जोडलेले असायचे. अकरा, एकवीस, एक्कावन, नगरसेवक आले तर एकशे एक. निवेदक वाचायचा, "अमुक अण्णांकडून कलाकारांस एक्कावन रुपये बक्षीस!" अण्णा मागं वळून बघायचे, कुणी-कुणी ऐकलं ते. लगेच दुसऱ्या बाजूच्या अण्णांची एक रुपया जास्तीची चिठ्ठी. गाण्याचं नाव कित्येक चिठ्ठ्यांवर नसायचंच. ह्या बक्षिसावरून आमचे खजिनदार आणि ऑर्केस्ट्राचे मालक दरवर्षी हुज्जत घालायचे. रिवाज असा की बक्षीस वाजवणाऱ्यांचं. खजिनदारांचं म्हणणं, मांडव आमचा, माणसं आमची, निम्मं मंडळाला पाहिजे. मी स्टेजच्या कडेला बसून बघितलेलं असल्यामुळं माझं मत पक्कं आहे: ते पैसे कोंगोवाल्याचेच. मालकाकडून त्याला रात्रीचे जे मिळायचे त्यात एसटीचं भाडं आणि जेवण निघालं तरी पुष्कळ.

आता बंद का पडला. सगळे डीजेला शिव्या घालतात. मला ते पटत नाही. डीजे आला तेव्हा आमचा ऑर्केस्ट्रा आधीच आजारी होता.

2000 साली केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडक धरले, आणि पोलीसही दहाच्या ठोक्याला मांडवात यायला लागले. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. कर्ण्याच्या खाली ज्याचं घर असतं त्याला विचारा, आमच्या गल्लीत एक हृदयरोगी आजोबा होते, त्या रात्री त्यांना लेकीकडं पाठवावं लागायचं. पण गल्लीचं वेळापत्रक बघा. मारुती चौकातली, हरभट रोडवरची दुकानं गणपतीत नऊशिवाय बंद होत नाहीत. मार्केट यार्डातले हमाल, दुकानातली पोरं त्यानंतर घरी येणार, जेवणार. बायकांचं आवरेपर्यंत साडेनऊ. म्हणजे ऑर्केस्ट्रा ऐकणारा माणूस मांडवात बसेपर्यंत वाजवायला अर्धा तास उरतो. सातला सुरू करून बघितलं. समोर शाळकरी पोरं आणि मंडळाचेच कार्यकर्ते.

वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत मिळते, त्यातले काही गणपतीत असतात. त्यानं उलट घोटाळा वाढला. पूर्वी शनिवारसाठी भांडणं होती, आता सगळ्या मंडळांना तेच सवलतीचे मोजके दिवस हवेत. ऑर्केस्ट्रे तेवढेच. त्यांनी दर वाढवले, त्यांचंही बरोबर आहे, त्यांना अख्ख्या हंगामाची कमाई तीन-चार रात्रींत काढायची. बारा माणसांच्या जागी पाच यायला लागली. आधी सॅक्सोफोन गेला, मग अ‍ॅकॉर्डियन, मग कोंगो. उरले कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गायक. मग कीबोर्डवालाही ट्रॅक लावून नुसता हात फिरवायला लागला. ते बघायला खुर्च्या कोण भाड्यानं आणणार?

त्यात 2005 चा महापूर. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेनं निम्म्या शहरात पाणी आणलं, आणि सप्टेंबरात गणपती. लोकांच्या घरातला गाळ निघालेला नाही, वर्गणीचं पावती पुस्तक घेऊन दारात जायला तोंड नव्हतं. त्या वर्षी मूर्ती, आरती, बस्स. मंडळांचं असं असतं की एखादी गोष्ट एक वर्ष मोडली की पुढच्या वर्षी तिच्यासाठी धडपडणारा माणूस उरत नाही. इसार द्यायला आषाढात कोल्हापूरला जाणारे आमचे अध्यक्ष तोवर थकले होते. नवी पोरं आली, त्यांना मिरवणुकीत रस. मिरवणुकीला बेंजो होता, मग डीजे आला. डीजेला स्टेज लागत नाही, खुर्च्या लागत नाहीत, पेंगणाऱ्या पोरांच्या आयांची वाट बघावी लागत नाही.

ऑर्केस्ट्रातली माणसं कुठं गेली असंही कुणी विचारेल. काही कराओकेच्या ग्रुपमध्ये शिकवतात. हौशी लोक वर्गणी काढून हॉल घेतात आणि ट्रॅकवर गातात. चांगलं गातात काहीजण. तिथं इको अजून आहे, पूर्वीपेक्षा जास्तच आहे. आमचा कोंगोवाला आता भजनी मंडळात पखवाजाला साथ म्हणून खंजिरी धरतो.

तुम्हाला माणसानं समोर बसून वाजवलेलं रात्रीच्या वेळी, फुकट आणि मोकळ्या जागेत ऐकायचं असेल तर मिरजेला जा. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, खाँसाहेबांना 1937 मध्ये तिथंच दफन केलेलं आहे. मिरजेतच नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही महोत्सव असतो. ते शास्त्रीय असतं, लावणीची फर्माईश चालत नाही. दर्ग्यात बसायला सतरंजी असते, पण उरुसाच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा सांगलीहून एसटीनं गेलेलं बरं.