छत हाइड केलं की कटअवे झाला का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: घर कापून आतलं दाखवणारं चित्र, म्हणजे कटअवे हवाय. स्केचअप या थ्री-डी प्रोग्रॅममध्ये दुमजली घराचं मॉडेल आहे, सेक्शन प्लेन (मॉडेल कापून दाखवणारी सपाट पातळी) टाकला की भिंती पोकळ दिसतात, सोफा-पलंग मधोमध चिरले जातात. मग छत हाइड करून भागेल का, की सरळ रेव्हिट हा इमारतींच्या मॉडेलचा दुसरा प्रोग्रॅम शिकावा?

छत हाइड करून भागत नाही. या एका गोष्टीवरून मी बऱ्याच जणांशी वाद घातलाय, म्हणून आधी तेच. छत हाइड करणं म्हणजे डब्याचं झाकण काढणं. भिंती पूर्ण उंचीच्या उभ्याच राहतात. पॅरलल प्रोजेक्शनमध्ये (दूरच्या वस्तू लहान न दिसणाऱ्या दृश्यात) कॅमेरा भिंतीच्या समोरून, ४५ अंशांत खाली बघत असेल तर ३ मीटरची भिंत आपल्या मागची ३ मीटर जमीन झाकते. १.२ मीटर रुंदीचं टॉयलेट तिच्यामागे अख्खं गडप. दार २.१ मीटरवर संपतं, त्याच्या वर ९० सेंटिमीटर भिंत, त्यामुळे वरून बघणाऱ्याला कुठल्या खोलीतून कुठे जाता येतं तेच कळत नाही. तेच मॉडेल जमिनीपासून १.२ मीटरवर आडवं कापलं की भिंत मागची फक्त १.२ मीटर जमीन झाकते, दारं मोकळ्या फटी म्हणून दिसतात आणि ९० सेंटिमीटरवर सिल (खालची कड) असलेल्या खिडक्याही कापात येतात. प्लॅन याच उंचीवर कापायची पद्धत उगाच पडलेली नाही. ‘क्लायंटला झाकण काढलेलंच आवडतं’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून क्लायंटला स्वयंपाकघराचं दार दाखवायला सांगावं.

आता पोकळ भिंती. स्केचअप २०१८ पासून सेक्शन फिल आहे, म्हणजे कापलेली जागा आपोआप भरली जाते. पण एका अटीवर: कापावर उमटणाऱ्या रेषांचा बंद लूप झाला पाहिजे. एक मिलिमीटरची फट असली तरी तो लूप भरत नाही, आणि चुकलंय कुठे हे प्रोग्रॅम सांगत नाही.

मध्यंतरी अशीच एक फाइल तपासली. आडव्या कापात सगळ्या भिंती मस्त काळ्या भरलेल्या, उभा काप घेतला की त्याच भिंती रिकाम्या. फाइलवाल्याच्या मते हा सॉफ्टवेअरचा बग. बग कसला? भिंतीचा तळाचा फेस (पृष्ठभाग) ‘स्लॅबवर टेकतो, दिसत नाही’ म्हणून डिलीट केलेला होता. आडव्या कापाला फक्त उभे फेस लागतात, ते चारही जागेवर होते, म्हणून तिथे लूप बंद. उभ्या कापाला तळही लागतो आणि माथाही. तळ नाही, लूप उघडा, भिंत पोकळ. ‘दिसत नाही म्हणून उडवलं’ ही सवय कटअवे करणाऱ्याने सोडलीच पाहिजे, कारण न दिसणारं दाखवणं हेच तर कटअवेचं काम.

तळ भरून दिल्यावरही दोन भिंती पोकळच राहिल्या. काप बरोबर खिडकीतून जात होता. खिडकीचा कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचा सुटा भाग) ‘कट ओपनिंग’वाला, म्हणजे बसेल तिथे आपोआप भोक पाडणारा होता. तो फक्त ज्या फेसला चिकटतो तो एकच फेस कापतो. भिंतीला जाडी आहे, म्हणजे बाहेरच्या फेसला भोक आणि आतला फेस शाबूत. वर-खाली आणि बाजूंना जाडीचे फेस नाहीतच. त्या जागी उभा काप घेतला की बाहेरची रेषा खिडकीच्या उंचीएवढी तुटते, लूप उघडतो आणि सिलच्या खालची, लिंटेलच्या (खिडकीवरच्या तुळईच्या) वरची सगळी भिंत रिकामी होते. खिडकीपासून हात-दीड हात सरकवला की काप पुन्हा भरतो, म्हणून माणूस आणखी गोंधळतो. उपाय एकच: भिंतीच्या ग्रुपमध्ये (एकत्र बांधलेल्या फेस-रेषांत) जाऊन खिडकीचा आयत काढा, पुश-पुलने भिंतीच्या पूर्ण जाडीएवढा ढकला, आरपार भोक होईल. मग खिडकी वेगळा कंपोनंट म्हणून बसवा.

तपासायची रीत सोपी आहे. ग्रुप निवडा आणि एन्टिटी इन्फो (निवडलेल्या वस्तूची माहिती देणारी चौकट) बघा. तिथे व्हॉल्यूमचा आकडा दिसला तर ग्रुप सॉलिड, म्हणजे सगळीकडून बंद आहे, त्याच्या कापाची काळजी नको. आकडा नसेल तर सॉलिड इन्स्पेक्टर हे एक्स्टेन्शन भोकं, सुट्या रेषा, आतले फालतू फेस दाखवतं. ग्रुपच्या आत दुसरा ग्रुप असेल तरी आकडा येत नाही, त्यामुळे एकेक भिंत, एकेक स्लॅब सुटी तपासा. भिंत स्लॅबच्या माथ्यावर सुरू करा आणि वरच्या बीमच्या तळाशी थांबवा. एकमेकांत घुसवली तर कापात रेषा आडव्यातिडव्या जातात. आणि प्लेन एखाद्या फेसच्या तंतोतंत पातळीवर ठेवू नका, १०-२० मिलिमीटर सरकवा, नाहीतर फिल लुकलुकतं किंवा गायब होतं.

सोफा चिरला जातो कारण तुमचा प्लेन सगळ्यांच्या बाहेर, मॉडेलच्या पातळीवर आहे. तो सगळंच कापणार. भिंती-स्लॅब एका ग्रुपमध्ये, फर्निचर दुसऱ्या ग्रुपमध्ये ठेवा. भिंतींच्या ग्रुपवर डबल-क्लिक करून आत जा, मग सेक्शन प्लेनचं टूल घ्या. हा क्रम उलटा करू नका. आतला प्लेन फक्त त्या ग्रुपला कापतो, सोफा अख्खा राहतो. एका ग्रुपमध्ये एका वेळी एकच प्लेन चालू राहतो, पण प्रत्येक ग्रुपला स्वतःचा ठेवता येतो. म्हणून प्रत्येक मजल्याचा ग्रुप वेगळा केलात तर वरचा मजला जास्त आत कापून खालचा थोडा पुढे ठेवता येतो, आणि दुमजली घराला असा पायरीपायरीचा काप फार शोभतो. सीन (जपून ठेवायचं दृश्य) सेव्ह करताना ॲक्टिव्ह सेक्शन प्लेन्सची टिक तपासा, नाहीतर सीन बदलला की काप जमेलच असं नाही.

जिना असेल तर प्लेन एका फ्लाइटमधून (पायऱ्यांच्या एका सलग रांगेतून) न्या आणि दुसरी मागे दिसू द्या. दोन फ्लाइटमधल्या फटीतून नेलात तर एकही कापली जात नाही, वेस्ट स्लॅबची (पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबची) जाडी कुठेच दिसत नाही. पायऱ्या सुट्या ठोकळ्यांच्या केल्या असतील तर कापात विटांची रास दिसेल. जिना एकसंध सॉलिड हवा.

रेव्हिटबद्दल. तिथे भिंत मुळातच भरीव एलिमेंट आहे, त्यामुळे पोकळीचं दुखणं नाही. थ्री-डी व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये सेक्शन बॉक्सला (मॉडेल कापणाऱ्या पेटीला) टिक करा, किंवा व्ह्यूक्यूबवर (कोपऱ्यातल्या दिशा दाखवणाऱ्या ठोकळ्यावर) राइट-क्लिक करून ओरिएंट टू व्ह्यूमधून हवा तो सेक्शन निवडा, बॉक्स आपोआप बसतो. डिटेल लेव्हल मीडियम किंवा फाइन ठेवा, कोर्सवर भिंतीचे थर दिसत नाहीत. पण बॉक्स हा बॉक्सच. त्याला पायरी देता येत नाही. वरचा मजला उचलून दाखवायचा असेल तर डिस्प्लेस एलिमेंट्स वापरा. फक्त कटअवेसाठी रेव्हिट शिकणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

व्ही-रे या प्लगइनमध्ये रेंडर (उजेड-सावलीसह खरं वाटणारं चित्र) करणार असाल तर क्लिपर या त्याच्या कापायच्या साधनामधलं ‘कॅमेरा रेज ओन्ली’ बघून घ्या. ते चालू असेल तर काप फक्त कॅमेऱ्याला दिसतो, उजेड मात्र अख्ख्या घरासारखाच पडतो. बंद असेल तर कापलेल्या बाजूने ऊन थेट आत येतं आणि बेडरूम गच्चीसारखी उजळते.

राहता राहिला फोटोशॉपवाल्यांचा सल्ला: पोकळ भिंतीत पेंट बकेटने काळं ओता आणि मोकळे व्हा. एकच चित्र उद्या सकाळी द्यायचं असेल तर खुशाल ओता, मीही ओतलंय. स्केचअपच्या स्टाइलमध्ये (मॉडेल कसं दिसावं त्या सेटिंगमध्ये) फिलचा रंग एकच असतो, त्यामुळे काँक्रीट आणि वीटकाम वेगळं दाखवायला कधीकधी नंतर हात फिरवावाच लागतो. पण खिडकी अर्धा मीटर सरकवायला सांगितली की चार सीनमधलं काळं पुन्हा ओतत बसाल, आणि त्यातलं एक हमखास विसराल.