स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स नुकताच झालाय. बोट न घेता किनाऱ्यावरूनच चालत जाऊन रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या रांगेवर, डाईव्ह करणं नवख्याला जमेल का?

जमेल की. मी तर म्हणेन कोर्सनंतरच्या पहिल्या काही डाईव्ह अशाच करा. तळ हळूहळू उतरत जातो त्यामुळे कान मोकळे करायला वेळ मिळतो, मागे कोणी घाई करत नसतं आणि मन धजावलं नाही तर वळून परत यायचं, एवढं सोपं. फक्त एक समजून घ्या, इथे अवघड जागा रीफ नाहीये, गुडघ्यापासून छातीपर्यंतचं पाणी आहे. लोक पडतात तिथे, दमतात तिथे, आणि तयारी मात्र सगळी खालची करून येतात.

माझंच सांगतो. सुरुवातीच्या एका डाईव्हला मी वाळूवरच फिन्स (पोहायला पायात घालायचे पंखे) घातले आणि सरळ पुढे चालायला लागलो, पहिल्याच लाटेने पाठीवर पाडलं, मास्क कपाळावर होता तो गेला, रेग्युलेटर (टँकमधली हवा ज्यातून श्वासात घेतो तो भाग) तोंडात नव्हता म्हणून खारं पाणी नाकातोंडात गेलं. पाणी जेमतेम कमरेइतकं होतं पण पाठीवर टँक आणि कमरेला वजनं असताना उठताच येत नव्हतं, बडीने, म्हणजे जोडीच्या डायव्हरने, हात दिला म्हणून उठलो.

तेव्हापासून किनाऱ्यावर पोचलो की आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून समुद्र बघतो. लाटा गटाने येतात, तीन-चार मोठ्या आणि मग जरा शांत, आत जायचं ते त्या शांत वेळात. बाहेर कुठून यायचं तेही तेव्हाच ठरवून ठेवा. जमलं तर भरती पूर्ण होते ती वेळ धरा, तेव्हा थोडा वेळ ओढ जवळजवळ नसते आणि उथळ दगडांवर पाणीही जास्त असतं. लाटांच्या रांगेत मध्येच एखादा पट्टा शांत, गढूळ दिसला तर सोपा रस्ता समजून तिथून जाऊ नका, बऱ्याचदा तिथूनच पाणी जोरात बाहेर ओढलं जात असतं. त्यात सापडलातच तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नका, आधी किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडा.

आत जाताना मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत (हवा भरून तरंगायचं जॅकेट) थोडी हवा. पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत न्या, वाळूत पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) असलं तर ते आधीच सरकतं. पाणी शांत असेल तर कमरेइतक्या पाण्यात बडीच्या खांद्याला धरून फिन्स घाला, आणि लाटा फुटतात तिथे मात्र अजिबात थांबायचं नाही.

आता हवेचा हिशोब, कारण इथे वर आलं की बोट नसते, परतीचा रस्ता आपल्यालाच कापायचाय. १२ लिटरचा टँक २०० बारला (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) म्हणजे साधारण २४०० लिटर हवा. मिनिटाला २० लिटर लागत असेल तर १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून ४० लागते. ५० बार राखीव सोडले तर उरतात १८०० लिटर, म्हणजे ४५ मिनिटं, आणि तीही जाऊन-येऊन. म्हणून मी १३० बारला वळतो, खाली कितीही छान दिसत असलं तरी. ओढ असेल तर जाताना तिच्या विरुद्ध जा म्हणजे येताना ती मदत करते. कंपासवर जातानाची दिशा बघून ठेवा, परतीला त्यात १८० मिळवायचे. वाळूतल्या वळ्या बहुतेक वेळा किनाऱ्याला समांतर असतात, पाणी गढूळ झालं तर त्यांचाही आधार होतो.

वजनाबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो. तेवढी हवा वापरली की टँक दोन किलोच्या आसपास हलका होतो, आणि परतीला तुम्ही नेमके दोन-तीन मीटर पाण्यात असता, तिथे शरीर वर ओढलं जातं आणि तोल सावरायला माणूस प्रवाळाला हात लावतो. प्रवाळ हा दगड नाहीये, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि तुटलेली फांदी भरून यायला कित्येक वर्षं लागतात. शिवाय स्टोनफिश तर हुबेहूब दगडासारखा दिसतो आणि त्याच्या काट्यात विष असतं. तेव्हा टँक रिकामा होत आला असतानाचं वजन आधी तपासा.

येताना पृष्ठभागावरून पोहत बसू नका, हवा पुरेशी असेल तर खालूनच या, वर लाटा धडकत असतात तेव्हा दोन-तीन मीटर खाली बरंच शांत असतं. किनाऱ्यालगत लाटेने पाडलंच तर उठायचा हट्ट सोडा, रेग्युलेटर तोंडात ठेवून हातापायांवर रांगत बाहेर या, लाजायचं काही कारण नाही, अनुभवी लोकही असंच येतात.

आणि वर येण्याआधी सुरक्षिततेसाठी घ्यायचा ५ मीटरवरचा ३ मिनिटांचा थांबा रीफच्या उथळ भागातच करा. खोलवर लाल रंग विझलेला असतो, इथे उन्हात तो परत दिसायला लागतो. जवळपास पॅरटफिश असले तर प्रवाळ कुरतडतानाचा त्यांचा करकर आवाज स्पष्ट येतो, श्वास मात्र रोखू नका, दोन श्वासांच्या मधे ऐकू येतो.