भाषाविज्ञानातला कार्यवाद विद्यार्थ्यांना कसा शिकवावा?

सर, तुमचा प्रश्न असा, की एम.ए. मराठीच्या मुलांना कार्यवाद, म्हणजे भाषेचं रूप तिच्या वापरातून आणि ती करते त्या कामातून घडतं हा विचार, पहिल्यांदा सांगताना सुरुवात प्राग मंडळ या भाषाशास्त्रज्ञांच्या गटापासून करावी की हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञापासून. मी लातूरला हा पेपर बरीच वर्षं शिकवते. माझं मत विचाराल तर दोन्हीपासून नको.

सुरुवातीला मीही तेच करायचे. फळ्यावर १९२६, प्राग मंडळाची स्थापना, संस्थापक माथेसियस. मग १९८५चं हॅलिडेचं कार्यवादी व्याकरणाचं पुस्तक. मुलांनी उतरून घेतलं, परीक्षेत लिहिलं, विसरली.

मग एकदा वर्गात शिरताना आतून आवाज आला, "ए, गप बसा, म्याडम यायल्यात!" मी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं. मुलं ओशाळली, कारण असं बोलणं अशुद्ध असतं हे त्यांना शाळेपासून ऐकवलेलं. मी विचारलं, तुमच्या गावी काय म्हणतात? कुणी म्हणालं "येऊ लालाय", कुणी "यायलाय". मग 'येऊ लागला'शी ताडून पाहिलं. 'पाऊस येऊ लागला' म्हणजे सुरुवात झाली. 'पाऊस येऊ लालाय' म्हणजे चालू आहे. 'लागणे'चा मूळ अर्थ चिकटणे, स्पर्श होणे. त्यातून आरंभ, आणि आपल्याकडे त्यातून चालू काळ. अर्थ पातळ होत गेला तसा 'ग'ही गळाला. पण 'ठेच लागली', 'भूक लागली' यातला 'लागली' मात्र शाबूत! क्रियापद एकच, पण जिथं ते व्याकरणाच्या कामाला जुंपलं गेलं आणि दिवसातून शंभरदा तोंडी आलं, तिथंच झिजलं. या प्रक्रियेला मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं १९१२ साली नाव दिलं, व्याकरणीकरण. हे नाव मी उदाहरण पचल्यावर सांगते, आधी नाही.

दुसरा तास 'ने'चा. 'त्यानं भाकरी खाल्ली', पण 'मी खाल्ली', 'तू खाल्लीस'. मी-तूला 'ने' का नाही? आता कर्माकडं बघा. 'मी भाकरी पाहिली', पण 'त्यानं मला पाहिलं'. भाकरीला प्रत्यय लागला नाही, 'मी'ला लागला. बोलणारा आणि ऐकणारा हे बहुतेक वेळा करणारेच असतात, म्हणून कर्त्याच्या जागी त्यांना वेगळी खूण लागत नाही. कर्माच्या जागी आले की लागते. भाकरीचं उलट. सिल्व्हरस्टीन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९७६ साली जगातल्या कितीतरी भाषांत असा कल दाखवला. यावर एखादं हुशार पोरगं म्हणेलच, "जुन्या मराठीत 'म्यां केलें' होतं की!" होतं. पण वेगळं रूप पुसलं गेलं ते 'मी-तू'मध्येच, हेही त्याच पोराला बघायला लावा.

एक काळजी घ्या. दोन तासांत मुलांना या 'का'ची चटक लागते आणि प्रत्येक गोष्टीमागं ती कार्य शोधू लागतात. मग ती नुसती गोष्ट रचणं होतं. म्हणून माझी अट असते, की कारण सांगायचं तर तेच कारण दुसऱ्या ठिकाणी लावून दाखवायचं, वर 'भूक लागली'नं केलं तसं. एका मुलीनं विचारलं होतं, "म्याडम, खुर्ची बाईमाणूस अन् टेबल नपुंसक, ह्याचं काय कार्य?" मी सरळ सांगितलं, खुर्ची स्त्रीलिंगीच का, याला कार्यवादाकडं उत्तर नाही. लिंगामुळं वाक्यात कोण कुणाशी जोडलंय ते कळतं, एवढंच म्हणता येतं. व्याकरणाची रचना वापरावर अवलंबून नसते, तिचे नियम स्वतंत्र असतात असं मानणाऱ्या चॉम्स्कीच्या बाजूनं बोलायची संधी तिथं आपोआप मिळते, ती दवडू नका.

गृहपाठ म्हणून घरच्यांना सांगून, त्यांच्या परवानगीनं दहा मिनिटांच्या गप्पा मोबाइलवर टिपायला लावा. किती वाक्यांत कर्ता उघड आलाय, किती वाक्यांत गाळलाय, ते मोजायचं. गाळला तर का कळलं, हे समासात लिहायचं. वह्या तपासायला वेळ लागतो, पण वाचायला मजा येते.

माथेसियस आता माझ्याकडं चौथ्या आठवड्यात येतो.