नवऱ्याने पुण्यात घटस्फोटाचा अर्ज टाकलाय, मी नाशिकला माहेरी आहे. वकील लागतोच का, आणि कोर्टात पुढे काय होतं?

प्रश्नासोबत तुम्ही कळवलेल्या तपशिलांवरून मला कळलं ते असं: नवऱ्याने क्रूरतेच्या कारणावरून पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केलाय, समन्स तुमच्या हातात आलंय, चार वर्षांची मुलगी तुमच्याजवळ आहे, आणि घरचे म्हणतात की 'जाऊच नकोस, बघू काय करतो'. मी पुण्यात याच कोर्टात वकिली करते. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरून लिहिते.

आधी घरच्यांचा सल्ला. तो ऐकू नका. तुम्ही हजर झाला नाहीत म्हणून केस थांबत नाही, ती एकतर्फी चालते. नवऱ्याचं म्हणणं खोडायला कोणी नसतं आणि हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम निकाल, होऊन जातो. तो रद्द करून घेता येतो, पण अर्ज 30 दिवसांत करावा लागतो आणि गैरहजेरीचं पटण्यासारखं कारण द्यावं लागतं. समन्स हातात पडल्यावर 'मला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. बेलिफाला (समन्स घेऊन येणाऱ्या कोर्टाच्या माणसाला) दारातून परत पाठवलं असतंत तरी फरक पडला नसता, समन्स नाकारलं की ते बजावलं गेलं असंच धरतात.

आता वकील. 1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 13 प्रमाणे इथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी मागावी लागते. नवरा-बायकोने थेट न्यायाधीशांशी बोलावं ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात परवानगीचा अर्ज आणि वकीलपत्र (वकील नेमल्याचा कागद) बरोबरच दाखल होतं आणि परवानगी सहसा मिळते. पण म्हणून 'वकील बघून घेतील' हे इथे चालत नाही. समुपदेशनाला, पुराव्याला आणि तडजोडीच्या तारखांना तुम्हाला स्वतः यावं लागतं.

वकील कशासाठी हवा हे सांगते. बहुतेक अशील पहिल्या भेटीत लग्नापासूनची सगळी हकिगत सांगतात, आणि ती खरीच असते. पण कोर्टासमोर एका वेळी एकच अर्ज असतो. पोटगीच्या अर्जाच्या दिवशी सासूबाई काय बोलल्या याला फार किंमत नसते, तिथे पगाराची पावती बोलते. मुलीच्या ताब्याच्या अर्जात नवऱ्याच्या पगारापेक्षा मुलीला रोज शाळेत कोण सोडतं हे महत्त्वाचं. तुमच्या हकिगतीतला कुठला भाग कुठल्या अर्जात जायचा हे ठरवणं, हे वकिलाचं खरं काम. पहिल्या भेटीत जो तासभर ऐकून घेतो पण एकही कागद मागत नाही, त्याच्याबद्दल मला शंका येते.

तुमच्यासाठी सगळ्यात तातडीचा अर्ज म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खालची अंतरिम पोटगी (केस चालू असतानाची), त्यासोबत कलम 26 खाली मुलीचा खर्च. 'आधी कैफियत (नवऱ्याच्या अर्जाला तुमचं उत्तर) देऊ, मग बघू' असं कोणी म्हटलं तर थांबवा. रजनेश विरुद्ध नेहा या 2020च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे अर्ज जितका उशिरा, तितके महिने हातचे गेले. त्याच निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायला लावलं. बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, घरभाडं, हप्ते, सगळं त्यात येतं. नवऱ्याचं उत्पन्न तिथे उघडं पडतं, तसं तुमचंही. तुम्ही नोकरी करत असाल तर लपवू नका. कमावत्या बायकोलाही पोटगी मिळू शकते, पण लपवलेला पगार उलटतपासात, म्हणजे समोरच्या वकिलाच्या प्रश्नांत, निघाला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. हे मी बरेचदा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण लपवलेली रक्कम बहुतेक वेळा किरकोळ असते.

ही कैफियत समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. कोर्ट ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यानंतर 'कैफियतीशिवाय पुढे' असा आदेश झाला तर तो उठवायला वेगळा अर्ज आणि वर कॉस्ट, म्हणजे कोर्ट भरायला लावतं ती रक्कम. अर्जातल्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर लागतं, कारण ज्याला उत्तर नाही ते मान्य धरलं जाऊ शकतं. त्यामुळे नवऱ्याच्या अर्जाची प्रत घेऊन शांतपणे बसा आणि समासात पेन्सिलीने लिहा: खरं, खोटं, अर्धवट. रडू येईल, मध्ये थांबा. पण हे काम वकिलावर सोडू नका, त्या घरात तो नव्हता.

सुरुवातीच्या तारखांपैकी एखाद्या तारखेला कोर्टाचे विवाह समुपदेशक बोलावतील. याची उगाच भीती असते. समेटाचा प्रयत्न करणं हे कायद्याने कोर्टावर टाकलेलं काम आहे, तुम्हाला नांदायला पाठवायचा तो डाव नाही. समुपदेशकांसमोर बोललेलं गोपनीय असतं, ते पुरावा म्हणून वापरत नाहीत. आई-वडील बाहेर बसलेले बरे. परत नांदायचं नसेल तर तसं सरळ सांगा, आणि मुलीच्या भेटीचं, तिच्या खर्चाचं बोलणं तिथेच सुरू करा. भांडणाच्या कितीतरी केसेस याच खोलीत संमतीच्या होतात.

संमतीचं वळण लागलं तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 13ब, परस्पर संमतीचा घटस्फोट. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज केल्यावर दुसऱ्या टप्प्यासाठी सहा महिने थांबायचं. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या 2017च्या निकालाने हे सहा महिने माफ करण्याची वाट उघडली: जोडपं दीड वर्ष वेगळं राहत असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, ताबा वगैरे खरोखर मिटलं असेल, तर. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून सगळी रक्कम 'नंतर' देण्याच्या अटीवर सही करू नका. काही पहिल्या टप्प्याला, उरलेली दुसऱ्या टप्प्याला डिमांड ड्राफ्टने, अशी पद्धत आहे. आणि 'मुलीसाठी काही मागणार नाही' असं वाक्य संमतीच्या अटींत दिसलं तर खोडा. तो हक्क मुलीचा आहे, तो सोडून द्यायचा अधिकार तुम्हाला नाही. दोघांत मिळून एकच वकील ही पद्धतही दिसते. स्वस्त पडते, पण सही करण्याआधी अटी निदान एकदा स्वतःच्या वकिलाला दाखवा.

मुलगी चार वर्षांची आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे, असं 1956च्या पालकत्व कायद्याचं कलम 6 म्हणतं. पण वडिलांच्या भेटी अडवू नका. त्यांच्याबद्दल गंभीर भीती असेल तर ती लिहून, कारणासह कोर्टासमोर ठेवा. नुसता राग म्हणून भेट नाकारलेली रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) नोंदली गेली की पुढे तुम्हालाच नडते.

पुण्याला येणं-जाणं हा तुमचा खरा त्रास, तो कळतो. लहान मूल आणि प्रवास ही कारणं देऊन केस नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात वर्ग करून मागता येते. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. मात्र तो प्रलंबित आहे म्हणून पुण्याची तारीख आपोआप थांबत नाही, स्थगिती मिळेपर्यंत हजर राहायचंच. पोटगीचा वेगळा अर्ज, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं 144, तुम्ही राहता तिथे नाशिकलाच करता येतो. दोन्हीकडे अर्ज केलात तर दोन्ही कोर्टांना तसं सांगा.

भावाने '498अ टाकूया', म्हणजे सासरच्या छळाची फौजदारी तक्रार करूया, म्हटलं असेल. छळ झाला असेल तर तक्रार जरूर करा, ते आता न्याय संहितेचं कलम 85 आहे. केवळ दबावासाठी म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे, तडजोडीचं बोलणं तिथेच तुटतं. व्हॉट्सॲपचे संदेश, रेकॉर्डिंग काही पुसू नका. एकमेकांच्या नकळत केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये म्हटलंय. अर्थात तुम्ही फोनवर चिडून जे बोललात तेही त्याच्याकडे असणार.

कोणी 'शंभराच्या स्टॅम्पवर फारकत लिहून देतो, नोटरी करून' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या कागदाने घटस्फोट होत नाही.

फीबद्दल: टप्प्यानुसार किती, हे लिहून घ्या आणि पावती मागा. मिळणाऱ्या पोटगीत हिस्सा मागणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. केसचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घ्या, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख स्वतः बघता येते, ज्युनिअरच्या फोनची वाट बघावी लागत नाही. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. (माझा नंबर मागू नका, इथे कामं मिळवणं आम्हाला नियमाने मना आहे.)

किती वेळ लागेल? संमतीने मिटलं तर काही महिने. लढत राहिलात तर मुद्दे निघणं (वाद नेमका कशावर ते कोर्टाने ठरवणं), सरतपासाचं प्रतिज्ञापत्र (तुमची लेखी साक्ष), उलटतपास, युक्तिवाद असं करत काही वर्षं. सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, पण रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघितला की ते का होत नाही हे कळतं. पहिल्या तारखेला समन्स, आधार कार्ड, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका, मुलीचा जन्मदाखला आणि वकीलपत्र एवढं घेऊन या. मुलीला घरी आजीपाशी ठेवा, कोर्टाने आणायला सांगितलं नसेल तर.