चार वर्षांच्या मुलीला साठ पाहुणे कशाला?

*ताई, आमची मुलगी पुढच्या महिन्यात चार वर्षांची होईल. गेल्या वर्षी हॉल घेऊन थाटात वाढदिवस केला. साठेक माणसं होती. केक कापताना सगळे टाळ्या वाजवून गाऊ लागले आणि ती कानांवर हात ठेवून रडायलाच लागली. नंतर टेबलाखाली जाऊन बसली, ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही. कार्टूनचा पोशाख घातलेला माणूस बोलावला होता, त्याला बघून तर किंचाळली. यंदा मला लहानसंच काहीतरी करावंसं वाटतं. पण सासूबाई म्हणतात, "सगळ्यांकडे आपण जाऊन आलो, आता त्यांना बोलावलं नाही तर बरं दिसेल का?" नवऱ्याचं म्हणणं, माणसांत नेल्याशिवाय ती धीट कशी होणार? तिच्या वर्गात बावीस मुलं आहेत, त्यांतल्या कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही? आणि काहीच केलं नाही, तर मोठेपणी ती आम्हाला बोल लावेल का? विचार करकरून रात्री झोप लागत नाही.*
*– गोंधळलेली आई*

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं ते हे, की टेबलाखाली जाऊन बसली यात तुझ्या लेकीचं काहीच चुकलं नाही. तिच्या उंचीवरून तो हॉल कसा दिसला असेल, बघ. समोर सगळ्यांचे गुडघे आणि पर्सेस. मग कुणीतरी उचलून खुर्चीवर उभं केलं, हातात सुरी दिली, दिवे बंद झाले, तोंडासमोर ज्योत पेटली आणि साठ माणसं एकदम तिच्याकडे बघून मोठ्याने गायला लागली. त्यातून सावरते न सावरते तोच एक भलंमोठं डोकं जवळ आलं. त्याचे डोळे हलत नाहीत, तोंड हलत नाही, पण आतून माणसाचा आवाज येतो. या वयात खरं काय आणि सोंग कुठलं, याची सीमारेषा अजून पक्की झालेली नसते, म्हणून अशा मुखवट्यांना पुष्कळ मुलं घाबरतात. सगळ्या हॉलमध्ये जिथे छप्पर खाली होतं, आवाज जरा दबलेला होता आणि कुणी हात लावू शकत नव्हतं, अशी एकच जागा होती. ती तिने शोधून काढली. मला तर यात तिची हुशारी दिसते.

आता तुझ्या नवऱ्याच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यामागे काळजी आहे. मुलीने चारचौघांत मिसळावं असं कुठल्या बापाला वाटणार नाही? पण धीटपणा गर्दीत ढकलून येत नाही. तो ओळखीच्या जागेत, ओळखीच्या दोन-तीन मुलांबरोबर, आई-बाबा नजरेच्या टप्प्यात असताना थोडा थोडा येतो. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या. बालशाळेतली मुलं खेळताना बघून त्यांनी १९३२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखवलं, की मुलं आधी एकटी खेळतात, नुसती बघत उभी राहतात, मग एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात आणि खऱ्या अर्थाने मिळून खेळणं सगळ्यांत शेवटी येतं. तीन-चार वर्षांचं मूल या वाटेच्या मध्यावर कुठेतरी असतं. तेव्हा पार्टीत दोन मुलं शेजारी बसून एकमेकांशी अवाक्षरही न बोलता आपापले ठोकळे रचत असली, तर त्यांची मस्त मैत्री चालली आहे असं समजा. "अरे, जा ना, सगळ्यांबरोबर खेळ," असं म्हणून त्यांना उठवू नका. हे वाक्य नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखव.

मोठेपणी ती बोल लावेल का, हे तू विचारलंस. बहुतेक मोठ्या माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासच्या असतात, त्याही तुटक तुटक. म्हणजे गेल्या वर्षीचा तो प्रसंग तिला आठवणारही नाही कदाचित, आणि यंदाच्या पार्टीतला पाहुण्यांचा आकडा तर नाहीच नाही. त्यामुळे ही धास्ती मनातून काढून टाक.

पण म्हणून काहीच करू नकोस, असं मी म्हणणार नाही. या वयाच्या मुलांना वय वाढणं म्हणजे काय, ते नीट कळलेलं नसतं. टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकलिन वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना याबद्दल गोष्टी सांगून प्रश्न विचारले होते. त्यांतल्या काही लहानग्यांना खरोखरच वाटत होतं, की पार्टी झाली नाही तर मूल मोठं होत नाही, आहे त्याच वयाचं राहतं! मला हे फार गोड वाटतं आणि फार महत्त्वाचंही. तुझ्या लेकीला साठ माणसं नकोत, पण 'आज मी चार वर्षांची झाले' हे तिला कळेल असा एक क्षण हवाच. केक, मेणबत्ती, तिच्या नावाने गाणं, घरातल्यांनी घेतलेली पापी. एवढ्यात तिची पार्टी पूर्ण होते. गाणं हळू आवाजात म्हणा, आणि गाणार आहोत हे तिला आधी सांगून ठेवा. आदल्या दोन-तीन दिवसांत तिच्या बाहुल्यांचा खोटा खोटा वाढदिवस करा. कोण येणार, काय होणार, मग सगळे घरी जाणार, हे सगळं खेळून झालं की त्या दिवशी तिला अचानक असं काही वाटणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस. ज्यांच्या घरी आपण जेवून आलो त्यांना कधीतरी बोलवायला हवं, हे त्यांचं खरंच आहे. फक्त हा हिशेब मोठ्यांचा आहे. तो चार वर्षांच्या मुलीच्या अंगावर टाकायचा नाही. त्यांना सांग, "आई, सगळ्यांना बोलवू या, पण वेगळ्या दिवशी, निवांत. त्या दिवशी हिला मध्यभागी उभं करायचं नाही, हिला वाटलं तर खेळेल, नाहीतर आत झोपेल." हे नुसतं बोलू नकोस, तारीखही ठरव, म्हणजे त्यांना टोलवाटोलवी वाटणार नाही. वाढदिवसाच्या दिवशी त्यांना एक ठळक काम दे. मुलांना गोष्ट सांगायचं काम आजीइतकं छान दुसऱ्या कुणाला जमेल?

किती मुलं बोलवायची, याचा एक जुना ठोकताळा आहे: मुलीचं वय अधिक एक. म्हणजे तुझ्याकडे पाच. सहा झाली तर आकाश कोसळणार नाही, पण बावीस नकोत. नावं तिलाच विचार, आणि एकदाच नाही, दोन-चार दिवस सहज विचारत राहा. रोज येणारी दोन-तीन नावं खरी. उरलेल्यांना वाईट वाटू नये म्हणून आमंत्रणं शाळेत वाटू नकोस, त्या त्या आईबाबांना फोन कर किंवा निरोप पाठव. वर्गासाठी काही करायचंच असेल, तर शाळेत काय चालतं ते बाईंना विचारून तेवढंच कर. आमंत्रण देताना तीन गोष्टी विचारून घे: मुलाला कुठल्या पदार्थाची ॲलर्जी आहे का, पालक थांबणार का (या वयात थांबलेलेच बरे), आणि धाकटं भावंड येणार का.

वेळ दीड तास, फार फार तर दोन. सुरू होण्याची आणि संपण्याची, दोन्ही वेळा आमंत्रणात स्पष्ट लिही. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप लागते आणि काही मुलं दुपारी अजून झोपतात. त्या झोपेवर पार्टी ठेवलीस, तर मुलं किरकिरी होणार आणि दोष मात्र गोड खाण्यावर जाणार. साखरेने मुलं उधळतात असं आपण सगळेच म्हणतो. पण १९९५ मध्ये तोवर झालेल्या प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर तसा परिणाम आढळला नाही. मुलं उधळतात ती गर्दीने, गोंगाटाने आणि झोप मोडल्याने. दातांसाठी गोड बेताने द्यावं, हे वेगळं.

खेळांचं म्हणशील, तर फार आखणी नकोच. मुलं येतील तशी बसतील अशी एक जागा कर, जमिनीवर मोठा कागद आणि जाड खडू ठेव. सगळी पोचेपर्यंत तेवढं पुरतं. मग साबणाचे फुगे उडवा, 'स्टॅच्यू' खेळा, खोलीत लपवलेल्या वस्तू शोधायला लावा. संगीत खुर्ची खेळायची असेल, तर खुर्ची काढून घेऊ नका. 'आऊट' झालेलं चार वर्षांचं मूल भिंतीला टेकून कसं उभं राहतं ते आठव: ओठ बाहेर, नजर खाली, आणि आता आपल्याला इथे कुणी खेळायला घेणार नाही अशी त्याची पक्की खात्री. सगळ्या खुर्च्या तशाच ठेवा, गाणं थांबलं की बसायचं, एवढाच खेळ. या वयाला तेवढीच गंमत पुरते. बक्षीस ठेवायचंच असेल तर सगळ्यांना सारखं.

तिची सर्वांत लाडकी दोन-तीन खेळणी आदल्या दिवशी तिलाच कपाटात ठेवायला सांग. "बाकीची सगळ्यांची, ही फक्त तुझी," असं म्हटलं की वाटून खेळायला तिला जड जाणार नाही. भेटवस्तू मात्र पाहुणे गेल्यावर उघडा. समोर उघडल्या की आणणारं मूल ती परत मागतं आणि तुझी मुलगी सरळ सांगते, "हे माझ्याकडे आहे." दोघंही प्रामाणिक असतात, अवघडतात ते फक्त मोठे. आणि मेणबत्ती दुसऱ्याच कुणी फुंकली तर रागावू नका, परत पेटवा. पाहिजे तर प्रत्येकाला एकदा फुंकू द्या. केस मोकळे असतील ते तेवढ्यापुरते मागे बांधा, कारण केक बघायला सगळ्या मुली पुढे वाकतात.

आता जरा कडक बोलते, कारण इथे चालढकल चालत नाही. रबरी फुगे दिसतात निरुपद्रवी, पण फुटलेल्या फुग्याचा तुकडा किंवा न फुगवलेला फुगा घशात गेला तर तो श्वासनलिकेवर चिकटून बसतो आणि काढणं फार अवघड जातं. अमेरिकेत अशा फुग्यांवर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याची सूचना छापावी लागते, ती उगाच नाही. फुगे मोठ्यांनीच फुगवायचे, उंच बांधायचे, फुटला की तुकडे लगेच उचलायचे. एका मोठ्या माणसाकडे हे काम सोपवूनच टाक. द्राक्षं उभी चिरून दे. अख्खे शेंगदाणे, काजू, बदाम पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा ब्रिटनच्या आरोग्य सेवेचाही सल्ला आहे. पॉपकॉर्नही नकोत. खाताना मुलांनी बसून खायचं, पळत नाही. परतभेट म्हणून दिवे लागणारी किंवा आवाज करणारी छोटी खेळणी घेऊ नकोस. त्यांतली बटणासारखी बॅटरी गिळली गेली, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. एक चित्रांचं पुस्तक किंवा खडूंची पेटी पुरे.

आणि एवढं सगळं करूनही ती मध्येच रडली तर? रडू दे. आतल्या खोलीत एक शांत कोपरा आधीच तयार ठेव. तिची उशी, पुस्तक, पाणी. ती तिकडे गेली तर मागे एकानेच जायचं, आणि "चल ना, सगळे थांबलेत" असं म्हणायचं नाही. बाकीची मुलं खुशाल खेळत राहतील, त्यांना फारसं काही वाटत नाही.

फोटोंची जबाबदारी नवऱ्याकडे दे. ती कॅमेऱ्याकडे बघेल याची वाट न बघता, ती खेळत असताना लांबून काढायला सांग. सासूबाईंशी मात्र याच आठवड्यात बोल. एकदा त्यांच्या तोंडून नातेवाइकांना आमंत्रणं गेली, की ती मागे घेणं तुलाही जमणार नाही आणि त्यांनाही.

– तुझी ताई