हातात लवकर, खिशात उशिरा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. तुझ्या शनिवारच्या छंदवर्गातल्या सात वर्षांच्या मुलाने मामाने परदेशातून पाठवलेला घडीचा लाल चाकू कंपासपेटीतून आणला आणि तू तो काढून घेऊन कपाटात ठेवलास. हे त्या वेळी योग्यच झाले. बावीस मुले भोवती असताना आणि त्यांपैकी कोणाचा हात किती स्थिर आहे हे ठाऊक नसताना दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. परंतु चाकू कपाटात गेला तरी तुझ्या मनातला प्रश्न सुटलेला नाही, हे तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावरून कळले. इतक्या लहान मुलांवर चाकूच्या बाबतीत विश्वास टाकावा का, असे तू विचारले आहेस. मी जवळजवळ तीस वर्षे मुलांना कार्यानुभव शिकवला. त्या अनुभवावर जे मत बनले आहे ते लिहितो.

या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या कर. मुलाने चाकू वापरणे ही एक गोष्ट आणि त्याने चाकू बाळगणे ही दुसरी. मोठे माणूस शेजारी बसलेले असताना, ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या वेळेपुरता तयारी दिसली तर चाकू सहा-सात वर्षांच्या मुलाच्याही हातात अवश्य द्यावा, असे माझे ठाम मत आहे. तोच चाकू त्याच्या खिशात राहू देण्याला मात्र मी बारा-तेरा वर्षांपर्यंत तयार होत नाही, आणि तेव्हाही तो सहलीपुरता, डोंगरावर जाण्यापुरता. आपल्याकडे होते नेमके उलट. दहा वर्षे चाकूला हातही लावू दिला जात नाही आणि मग एका वाढदिवसाला तो भेट म्हणून थेट खिशात येतो.

यात मुलगा आणि मुलगी असा भेद आहे, तोही मनाला लागतो. आपल्या घराघरांतून आठ-नऊ वर्षांच्या मुली विळीवर भाजी चिरत आल्या. धारेची त्यांना रोजची सवय होती, पण तिला कोणी विश्वास म्हटले नाही. ते केवळ घरकाम मानले गेले. त्याच घरातल्या मुलाला चौदाव्या वर्षी चाकू मिळाला की ती मर्दपणाची खूण ठरली. माझी आजी नातवंडांमध्ये असा फरक करीत नसे. ती आम्हा सगळ्यांना पाटावर बसवी, एक पाय विळीच्या पाटावर घट्ट रोवायला लावी आणि पहिल्या दिवशी फक्त दुधी भोपळ्याच्या मोठ्या फोडी करायला देई. विळीचा एक मोठा गुण असा की पाते जागेवर स्थिर असते, भाजी त्याच्याकडे जाते आणि दोन्ही हात भाजीवर असतात, त्यामुळे धार कोठे आहे हे मुलाला शोधावे लागत नाही. विळी उघडी ठेवून उठायचे नाही, तिला ओलांडायचे नाही, कात्री उगाच वाजवायची नाही, वाजवली तर घरात भांडणे होतात, असे पुष्कळ नियम त्या काळी होते. त्यांतल्या भांडणावर माझा विश्वास नाही, पण त्या नियमांमागची काळजी मला आजही मोलाची वाटते, कारण लहान मुलाला कारण समजण्याच्या आधीच सवय लागत असे.

हाताने काम करू देणे हा शिक्षणाचाच भाग आहे, हे तुला पालकांपुढे सांगावे लागेल, म्हणून थोडा इतिहास तुझ्याजवळ असू दे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी त्याची योजना तयार केली. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्वीडनमधल्या नेस येथे ऑटो सालोमन शिक्षकांना 'स्लॉइड' नावाची लाकूडकामाची पद्धत शिकवीत असत. त्या पद्धतीत मुलाच्या हातात येणारे पहिले हत्यार चाकू हेच होते. करवत आणि रंधा नंतर येत. मात्र तो चाकू घडीचा नव्हता. त्याचे पाते मुठीत पक्के बसवलेले होते. ही लहानशी वाटणारी बाब फार महत्त्वाची आहे, आणि ती मी पुस्तकातून शिकण्याआधी एका मुलाच्या बोटावरून शिकलो.

एका निवासी शिबिरात मी मुलांना बांबूचे पेले करायला बसवले होते. आठ वर्षांचा एक मुलगा पेल्याला दोरी ओवण्यासाठी भोक पाडत होता. त्याच्या हातात घडीचा चाकू होता, पाते अडकवून ठेवणारा खटका त्याला नव्हता, आणि मी पाठ वळवून दुसऱ्या गटाला दोरा कापून देत होतो. त्याने पात्याचे टोक बांबूवर टेकवून जोर दिला, टोक अडकले, मूठ पुढे गेली आणि पाते त्याच्या तर्जनीवर मिटले. तो ओरडला नाही. त्याने बोट शर्टात गुंडाळले आणि दुसऱ्या हाताने पेला मागे लपवला. शर्टाचा कोपरा लाल झाला तेव्हा शेजारच्या मुलीने मला हाक मारली. दोन टाके पडले, बोट पूर्ण बरे झाले, पण त्याने हात लपवला हे मी विसरू शकलो नाही. आदल्या दिवशी एकाचे करवतीचे पाते मोडले म्हणून मी सगळ्यांसमोर रागावलो होतो, आणि हा मुलगा पहिल्याच रांगेत बसलेला होता. चूक माझी होती, आणि ती एक नसून दोन होत्या.

म्हणून पहिला चाकू घडीचा देऊ नकोस. लहान, जाड पाठीचा, तीनेक इंच पात्याचा, टोक गोल केलेला आणि मूठ मुलाच्या मुठीत भरेल असा सरळ चाकू बघ. तो धारदार असू दे. बोथट चाकू सुरक्षित असतो ही समजूत पालकांच्या मनातून काढणे तुला सर्वांत अवघड जाईल. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते निसटते, आणि निसटलेल्या पात्यावर कोणाचाच ताबा राहत नाही. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर पाते नुसते ठेवून ओढले की साल कापली गेली पाहिजे, एवढी धार पुरे. दर शनिवारी वर्ग सुरू होण्याआधी दगडावर पाणी टाकून मुलांच्या देखत धार लावत जा. कामाच्या आधीची ही तयारी मुले फार लक्ष देऊन पाहतात.

कोणत्या वयाला द्यावा, याला मी आकडा सांगत नाही, कारण सहा वर्षांची एखादी मुलगी तयार असते आणि दहा वर्षांचा एखादा मुलगा नसतो. मी तीन गोष्टी पाहतो. खेळ रंगात आलेला असताना 'थांब' म्हटले की ते मूल खरोखर थांबते का? कात्री, सुई, डिंकाची बाटली काम संपल्यावर न सांगता जागेवर ठेवते का? आणि काही मोडले, सांडले, फाटले तर आपण होऊन सांगायला येते का? तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. फुटलेला कप जे मूल लपवते ते कापलेले बोटही लपवील. पण ती परीक्षा मुलाची जितकी आहे तितकीच आपली आहे, कारण लपवायची सवय आपल्याच रागावण्यातून लागते. त्याच्यावर विश्वास टाकायचा असेल तर आधी त्याला आपल्याविषयी विश्वास वाटला पाहिजे, आणि त्याला वेळ लागतो.

सुरुवात स्वयंपाकघरातून कर. केळे, मग उकडलेला बटाटा, मग काकडी, मग कैरी. कैरीपाशी आलेल्या मुलाला पात्याची ओळख झालेली असते आणि तिखटमीठ लावलेली फोड हे त्याचे बक्षीस असते. त्यानंतर पपईच्या देठाची पिपाणी करू दे. देठ आतून पोकळ आणि मऊ असतो, त्याला चीर नीट पडली तर सूर निघतो आणि चुकीची पडली तर नुसती हवा जाते, तेव्हा काम चांगले झाले की नाही हे तुला सांगावेच लागत नाही. लाकडाची पाळी येईल तेव्हा पांगाऱ्याचे वाळलेले लाकूड घे. सावंतवाडीची लाकडी खेळणी त्याच झाडाच्या लाकडाची होत आली आहेत. ते हलके असते, त्याला गाठी कमी असतात आणि लहान हाताला ते ऐकते.

बसण्याची पद्धत मात्र पहिल्या दिवसापासून एकच ठेव. चाकू हातात असताना उभे राहायचे नाही, चालायचे तर मुळीच नाही. हात लांब करून स्वतःभोवती फिरवला तर जेवढा घेर होईल तेवढ्यात दुसरे कोणी नसावे. कोपरे गुडघ्यांवर टेकवून काम गुडघ्यांच्या पुढे धरावे. मांडीवर किंवा मांड्यांच्या मध्ये लाकूड धरून तासू देऊ नकोस, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते आणि तिथला घाव बोटावरच्या घावासारखा नसतो. पाते नेहमी शरीरापासून दूर जावे. दुसऱ्याला चाकू द्यायचा असेल तर तो खाली ठेवावा आणि दुसऱ्याने उचलावा. एका वेळी चार मुले, चार चाकू आणि तू, यापेक्षा मोठा गट करू नकोस. बाकीच्यांना मातीकाम दे आणि त्यांच्यासाठी वेगळे माणूस ठेव. मी एकटा सर्वांकडे पाहीन असे मला वाटले होते, त्याचे काय झाले ते वर लिहिले आहे.

बोटे कापतील. हे पालकांना आधीच, स्पष्ट शब्दांत सांग आणि त्यांची लेखी संमती घे. लहान चीर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवावी, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा आणि दहा मिनिटे कापड उचलून पाहू नये. हळद, चहापूड, कुंकू यांपैकी काहीही जखमेत भरू देऊ नये, आजीने सांगितले तरीही. जखम खोल असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल तर थेट डॉक्टरांकडे न्यावे. धनुर्वाताच्या लशीची नोंदही प्रत्येकाची तपासून ठेव. राष्ट्रीय लसीकरणात पाच-सहा वर्षांच्या सुमारास आणि पुन्हा दहाव्या वर्षी हा डोस असतो, आणि तुझी मुले नेमकी त्याच वयाची आहेत.

आता खिशाविषयी. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांमधून 'कोयता' हा शब्द ज्या अर्थाने येऊ लागला आहे, त्यामुळे पालक धास्तावले आहेत, आणि त्यांची धास्ती खोटी नाही. जपानमध्ये एके काळी शाळकरी मुले हिगोनोकामी नावाच्या घडीच्या चाकूने पेन्सिलीला टोक करीत. १९६० मध्ये टोकियोत भर सभेत इनेजिरो असानुमा या नेत्याची सतरा वर्षांच्या मुलाने आखूड तलवारीने हत्या केली, आणि त्यानंतर मुलांच्या हाती धारदार वस्तू नकोत अशी मोहीम उभी राहून तो गरीब पेन्सिलीचा चाकूही दप्तरातून गेला. हत्याराच्या भीतीत अवजाराचा बळी गेला, असे मला वाटते. तसे तुझ्याकडे होऊ नये म्हणूनच बाळगण्याच्या बाबतीत कडक राहा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असलेल्या धारदार शस्त्राला आपल्याकडे परवाना लागू शकतो, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे; तेव्हा मामाने पाठवलेला छोटा चाकू त्यात येत नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो तेव्हा सार्वजनिक जागी चाकू घेऊन फिरण्यासही बंदी असू शकते, आणि शाळेच्या दप्तरात तर तो कधीच असता कामा नये. वर्गातले चाकू मोजून बाहेर काढ, मोजून आत ठेव, आणि मोजणी मुलांकडून करून घे.

एक गोष्ट या साऱ्यापासून वेगळी ठेव. ऊसतोडीच्या फडावर आईबापांबरोबर गेलेल्या मुलाच्या हातात जो कोयता येतो, तो विश्वासाने आलेला नसतो. 'गावाकडची मुले लहानपणापासून कोयता चालवतात, मग आपली का नाही' असे कोणी पालक म्हणाले, तर त्यांना तिथेच थांबव. त्या मुलांची शाळा बुडालेली असते.

तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचा चाकू त्याला परत कर, पण हातात देऊ नकोस. त्याच्या आईला बोलाव, दोघांना समोर बसव आणि चाकू तिच्याकडे दे. तो त्याचाच आहे, त्याच्यासाठी घरी जपून ठेवला जाईल, आणि खटका नसलेले पाते कसे मिटते हे तू त्याला एका गाजरावर दाखवशील, असे सांग. गाजराचे तुकडे पडलेले पाहिले की मुले फार शांत होतात. ज्या दिवशी तो वर्गातल्या सरळ चाकूवर चांगला हात बसवील त्या दिवशी मामाचा चाकू आईने वर्गात घेऊन यावा, असे ठरवून टाक, म्हणजे काढून घेतल्याचे त्याचे दुःख कमी होईल. तो त्या दिवशी रडला असे तू लिहिले आहेस. त्याने चाकू कोणाला दाखवायला आणला होता हे त्याला विचारलेस का? विचार. बहुधा तुलाच.

माझ्याकडे सरळ पात्याचे चार लहान चाकू आहेत, त्यांच्या मुठी मी सागाच्या बसवल्या आहेत. ते आणि पांगाऱ्याचे सात-आठ तुकडे वेगळ्या पार्सलने पाठवत आहे. धार लावली आहे, तरी वाटेत कड वळली असेल तर पुन्हा एकदा दगडावर फिरव. तुकड्यांपैकी दोन थोडे ओले आहेत, त्यांना पंधरा दिवस सावलीत ठेवून मगच मुलांना दे. पार्सल पोचले की कळव, आणि पहिल्या शनिवारी चार मुले कोणती निवडलीस तेही लिही.

तुझा,
जुना शिक्षक